खाडा पडतो तेव्हा

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरची पहाट बदलते. उन्हाळ्यात साडेपाचलाच शालिनी पॅलेसच्या बाजूने धावणारे, पदपथ उद्यानात हातपाय मोकळे करणारे, काठावर सूर्यनमस्कार घालणारे अशी वर्दळ असते. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती ओसरते. उरतात ते छत्री घेऊन चालणारे साठीपुढचे नेमी लोक आणि भरतीची तयारी करणारी पोरं. बाकीच्यांपैकी बरेच जण त्याच सुमारास राजारामपुरीत, शाहूपुरीत किंवा ताराबाई पार्कात एखादी जिम लावतात. गणपतीत तिथे खाडे पडू लागतात, दसऱ्यापर्यंत जिमचं कार्ड पाकिटात नुसतंच पडून राहतं, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत त्यातले काही चेहरे पुन्हा रंकाळ्यावर दिसतात.

घरचे लोक याला धरसोड म्हणतात. करणाऱ्यालाही ती तशीच वाटते, आणि दर वर्षी स्वतःवरचा विश्वास थोडा कमी होतो. पण या धरसोडीमागे मनाच्या दुबळेपणापेक्षा मांडणीतली उणीव जास्त असते, आणि ती उणीव भरून काढण्याचा एक जुना, कसाला उतरलेला नमुना कोल्हापुरातच उभा आहे.

मैदान बरं की जिम बरी, हा वाद चहाच्या गाड्यावर कितीही रंगला तरी त्याची खरी वेळ वेगळी असते. अंगात उत्साह असलेल्या दिवशी हा प्रश्न कुणाला पडत नाही; माणूस बूट चढवतो आणि निघतो. प्रश्न पडतो तो मन उठायला तयार नसतं त्या पहाटे. म्हणून उत्तरही त्या पहाटेच्या हिशेबानेच शोधायला हवं. किती कॅलरी जळतात, कुठले स्नायू वापरले जातात, हे हिशेब नंतरचे. अंथरूण आणि पहिलं पाऊल यांच्यामध्ये किती निर्णय घ्यावे लागतात आणि आपण आलो नाही हे कुणाच्या लक्षात येणार आहे, या दोन गोष्टी आधीच्या.

तालमीने या दोन्हींची व्यवस्था फार पूर्वी लावून ठेवली.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय मिळाला. १९०२ साली महाराज इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी युरोपही पाहिला. रोमच्या कलोसियमसारखं मैदान आपल्या गावात असावं ही कल्पना त्यातून आली, असं सांगितलं जातं. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मधोमध आखाडा आणि त्याभोवती उतरती गोल बैठक, म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसावी. तरीही खासबाग गजबजायचं ते मोजके दिवस. रोजची मेहनत चालायची ती पेठापेठांतल्या तालमींत: मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं तिथे राहायची, आजही राहतात. एका खोलीत चार-पाच जण, पत्र्याच्या पेट्या, दोरीवर वाळणारे लंगोट आणि कोपऱ्यात बदाम घोटायची कुंडी.

या तालमींचा दिनक्रम पाहिला की आजचा वाद किती नवा आहे हे कळतं. पैलवान अंधारातच उठतो आणि आधी उघड्यावर धावून येतो. मग छपराखाली जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणं. हौदातली लाल माती फावड्याने उकरून भुसभुशीत करणं हेदेखील मेहनतीतच मोजलं जातं. त्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल मुरवलेलं असतं. दुपारी खुराक आणि झोप. संध्याकाळी पुन्हा हौदात उतरून जोडीदाराशी लढत. मोकळी हवा आणि बंद जागा, दम आणि ताकद, एकट्याचं धावणं आणि दुसऱ्याच्या अंगाशी भिडणं, हे सगळं एकाच दिवसात बसवलेलं आहे. कुठलं निवडू, हे पैलवानाला ठरवावंच लागत नाही.

त्याच्या वतीने वस्तादाने ते ठरवलेलं असतं. खोलीतले चौघे उठले की पाचव्याला झोपून राहणं अवघड जातं, आणि हौदाच्या काठावर बसलेल्या वस्तादाची नजर कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे आधी टिपते. गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. लढती थांबल्यावर ते मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बसले. त्यांच्या हाताखाली घडलेले दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे सलग दोन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेतून रौप्यपदक घेऊन आले, आणि पुढे तेही मोतीबागेत वस्ताद झाले. या परंपरेत दुसऱ्याच्या व्यायामावर लक्ष ठेवणं हे आयुष्यभराचं काम होतं. आज महिन्याची फी भरून यंत्रं वापरायला मिळतात, पण हे लक्ष बहुतेक ठिकाणी त्या फीत येत नाही.

जागा बदलल्यावर काय होतं, याचंही उत्तर कोल्हापूरशी जोडलेलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकायला कोल्हापुरात आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीवर वाढलेला हा मल्ल मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सुटतो; पकडीचा वेग आणि तोल दोन्ही बदलतात. पुढच्या चार वर्षांत त्यांनी वजनगटही बदलला आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. एका जागी कमावलेली ताकद दुसऱ्या जागी वाया जात नाही, मात्र शरीराला आणि मनाला नव्या जागेची ओळख करून घ्यायला अवधी लागतो. रस्त्यावर सराईतपणे धावणारा माणूस ट्रेडमिलवर पहिल्या दिवशी अवघडतो, किंवा जिममध्ये मोठी वजनं उचलणारा रंकाळ्याच्या एका फेरीत धापा टाकतो, तेव्हा आपण नापास झालो असं त्याने समजू नये. ओळख अजून व्हायची असते, इतकंच.

आता जिमच्या फीकडे वळू. वर्षाचे पैसे एकदम भरले की स्वस्त पडतं आणि पैसे भरले की आपण जाऊच, या दोन समजुतींवर बरेच व्यवहार होतात. अर्थशास्त्रज्ञ स्टेफानो डेलाविग्ना आणि उलरिके मालमेंडिअर यांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळाच आले होते. म्हणजे दर खेपेला त्यांना १७ डॉलरपेक्षा जास्त पडले. त्याच क्लबमध्ये दहा खेपांचं कार्ड मिळत होतं आणि त्यात एक खेप १० डॉलरला पडली असती. माणसं पैशाच्या बाबतीत वेडी नव्हती. फी भरताना त्यांच्या डोळ्यांसमोर पुढच्या महिन्यातला उत्साही माणूस होता, आणि प्रत्यक्षात आला तो नेहमीचाच, ऑफिसातून दमून निघालेला माणूस. मन डळमळत असताना वर्षाची फी भरून ते बांधता येईल असं ज्याला वाटतं, त्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

मग रस्ताच बरा का? रस्त्याच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०११ साली, उघड्यावरचा व्यायाम आणि बंद जागेतला व्यायाम यांची तुलना करणाऱ्या ११ चाचण्या एकत्र पाहिल्या. त्यांत मिळून ८३३ माणसं होती. बहुतेक चाचण्यांत बाहेर चालल्या-धावल्यानंतर लोकांना अधिक ताजंतवानं वाटलं, ताण आणि चीड कमी झाली, आणि हे पुन्हा करावंसं वाटतं असं त्यांनी सांगितलं. पण पुढे कोण किती महिने टिकलं, हे त्यांतल्या एकाही चाचणीत मोजलेलं नव्हतं. करावंसं वाटणं आणि करत राहणं यांच्यात अंतर आहे, आणि आपला सगळा प्रश्न त्या अंतरातच सापडतो.

रंकाळ्यावर धावणाऱ्याला हा ताजेपणा वेगळा सांगायला नको. चार-साडेचार किलोमीटरच्या त्या फेरीत पाणी, पक्षी, राजघाटाचा मनोरा आणि ओळखीचे चेहरे एकामागून एक येतात. नजर गुंतून राहते आणि पायांकडे लक्ष जात नाही. अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. उन्हाळ्यात पाणी आटतं, केंदाळ वाढलं की वास येतो, काही टप्प्यांत दिवे अपुरे असतात, भटक्या कुत्र्यांची टोळी अचानक समोर येते. विद्यापीठाचा परिसर हा दुसरा आधार. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाला सागरमाळावर ८५३ एकर जागा मिळाली. तिथले झाडांखालचे रस्ते आणि हलके चढ पहाटे धावणाऱ्यांना सोयीचे पडतात. टेंबलाईची टेकडी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी दम असेल त्याला जोतिबाचा डोंगर आहे. देशातल्या किती शहरांत घरापासून पंधरा मिनिटांत तळं, माळ आणि टेकडी यांपैकी काहीतरी हाताशी येतं? कोल्हापूरकरांनी या नशिबाची किंमत ओळखावी.

ट्रेडमिलचं गणित वेगळं आहे. पट्टा पायाखालून मागे सरकतो, माणूस जागीच राहतो, त्यामुळे समोरची हवा कापावी लागत नाही. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांनी १९९६ साली सराव असलेल्या धावपटूंवर मोजून दाखवलं की ट्रेडमिलला एक टक्का चढ दिला की बाहेरच्या सपाट रस्त्याइतकी ऊर्जा खर्च होते. हा फरक वेगात धावणाऱ्यांच्या बाबतीत महत्त्वाचा. हळू पळणाऱ्याला तो जाणवणारही नाही. त्याला जाणवतं ते दुसरंच. समोरचं दृश्य हलत नसल्याने वेगाचा अंदाज चुकतो. बाहेरच्याइतकाच वेग ठेवा असं सांगितलं तर लोक ट्रेडमिलवर प्रत्यक्षात बरेच हळू धावतात आणि तरी तितकेच कष्ट पडल्यासारखे वाटतात. वारा नसल्याने घाम वाळत नाही, अंग तापतं. म्हणून जिममध्ये पंख्यासमोरचं ट्रेडमिल मिळवणं ही चैन समजू नये. कंटाळ्याने खाडा पडत असेल तर ट्रेडमिल हे त्यावरचं औषध नाही.

इथे खाड्यांचे प्रकार वेगळे करावे लागतात, आणि व्यायामाच्या सल्ल्यांत नेमकं हेच राहून जातं. कंटाळ्याचा खाडा एक. दमलेल्या शरीराचा दुसरा, ज्यात झोप अपुरी असते किंवा गुडघा, पोटरी कुरकुरत असते. काळोख, पाऊस, परीक्षा, लग्नसराई अशा बाहेरच्या कारणांचा तिसरा. आणि चौथा लाजेचा: बरेच दिवस गेलो नाही, आता कुठल्या तोंडाने जायचं.

कंटाळ्यावर रस्ता गुणकारी, कारण तिथे दिशा बदलता येते. रोज रंकाळा असेल तर आठवडाभर विद्यापीठ, रोज डावीकडून फेरी असेल तर उजवीकडून. दमलेल्या शरीराला जिम बरी. तिथे दुखऱ्या पायाला बाजूला ठेवून पाठ, खांदे, हात यांचं काम करता येतं, सायकलवर बसून दम राखता येतो, आणि ते अर्ध्यावर थांबवलं तरी घर तीन किलोमीटरवर नसतं. शिवाय फक्त धावणाऱ्यांना ताकदीचा व्यायाम लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी अशी आहे, आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. नुसतं धावून यातला दुसरा भाग पुरा होत नाही, नुसती वजनं उचलून पहिला. जोर-बैठका आणि धावणं एकत्र बांधणाऱ्या वस्तादांनी ही शिफारस वाचलेली नव्हती.

लाजेचा खाडा सगळ्यांत चिवट, आणि त्याला शरीरशास्त्राची साथ मिळते. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली, मुरलेल्या खेळाडूंना सराव थांबवायला सांगून मोजमाप घेतलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि आठेक आठवड्यांनंतर १६ टक्क्यांच्या आसपास खाली जाऊन स्थिरावली. सुरुवातीच्या घसरणीचं मोठं कारण म्हणजे शरीरातल्या रक्ताचं एकूण प्रमाण कमी होणं. हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलतं, तेवढं भरून काढायला ठोके वाढतात, आणि पूर्वीच्याच वेगात धावताना छाती भरून येते. स्नायूंची ताकद मात्र इतक्या लवकर जात नाही. तीन-चार आठवड्यांच्या खंडात ती बरीचशी टिकून असते.

याचा परिणाम असा होतो की महिनाभराने परतलेल्या माणसाला रस्ता निराश करतो आणि वजनं धीर देतात. जुन्या वेगात पहिली फेरी मारायला गेलेला माणूस अर्ध्यावर चालायला लागतो, ओळखीचं कुणीतरी बाजूने पुढे निघून जातं, आणि दुसऱ्या दिवशी गजर बंद होतो. तोच माणूस आधी दोन आठवडे जिममध्ये गेला तर त्याला आपलं शरीर अजून आपलं आहे असं वाटतं. खंड मोठा असेल तर छपराखालून सुरुवात करून मग बाहेर पडावं, असं या लेखकाचं मत आहे. खंड चार-सहा दिवसांचा असेल तर उलट: सरळ रंकाळा गाठावा, निम्मी फेरी मारावी आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन घरी यावं. सुरुवात कुठूनही झाली तरी एक काळजी घ्यावीच लागते. दम काही आठवड्यांत परत येतो, पण कंडरा आणि हाडं धक्के सोसायला त्याहून सावकाश तयार होतात. छाती हो म्हणते आणि नडगी नाही म्हणते, तेव्हा नडगीचं ऐकायचं.

एक दिवस चुकल्याने सगळं बिघडतं ही भीतीही तपासून पाहिलेली आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि ती अंगवळणी कधी पडते ते पाहिलं. साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला, अंदाजाने, २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं ठामपणे सांगणाऱ्यांनी किती माणसांना बाविसाव्या दिवशी उगाच निराश केलं असेल!

यापेक्षाही मोठा प्रयोग २०२१ साली ‘नेचर’मध्ये आला. केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांच्या गटाने अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१,२९३ सभासदांवर एकाच वेळी चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या योजना करून पाहिल्या. कुणाला आठवण करून दिली, कुणाला बक्षीस, कुणाला शाबासकी. सगळ्यांत वर आली ती एक साधी योजना: ठरलेली खेप चुकल्यानंतर परत येणाऱ्याला छोटंसं जादा बक्षीस. तिने आठवड्याच्या खेपा २७ टक्क्यांनी वाढवल्या. रक्कम अगदीच किरकोळ होती. चार आठवडे संपल्यावर मात्र बहुतेक योजनांचा परिणाम विरला. म्हणजे परतीची वाट एकदा मोकळी करून भागत नाही, ती कुणीतरी सतत मोकळी ठेवावी लागते.

कोल्हापुरात हे काम माणसं करतात. रंकाळ्यावर रोज भेटणाऱ्यांचे गट आहेत, त्यांच्यात वयाचं, पेशाचं बंधन नाही. “काय भावा, चार दिवस दिसला नाहीस?” हा प्रश्न तिथे टोमणा म्हणून विचारला जात नाही. विचारणारा आपल्या चालीने पुढे जातो आणि ज्याला विचारलं तो दुसऱ्या दिवशी येतो. पूर्वी वस्तादाच्या नजरेने जे व्हायचं त्यातलं बरंचसं आज या चौकशीने होतं. जिम निवडताना यंत्रांची संख्या मोजण्याऐवजी एवढं पाहावं: तिथला ट्रेनर सभासदांना नावाने हाक मारतो का, आणि आठवडाभर न आलेल्याला फोन जातो का.

वेळेचं बंधन किती घट्ट असावं, यावर तालीम आणि आजचं संशोधन यांत फरक पडतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. गूगलच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांना व्यायामासाठी चार आठवडे पैसे देण्यात आले. एका गटाला स्वतः ठरवलेल्या दोन तासांत आलं तरच पैसे मिळत, दुसऱ्या गटाला केव्हाही आलं तरी. नेमाचा पहिला गट पुढे जास्त टिकेल अशी अपेक्षा होती. पैसे बंद झाल्यावर टिकला तो दुसरा. पहिल्या गटातले लोक ठरलेली वेळ चुकली की त्या दिवशी येतच नव्हते. तालमीत राहणाऱ्या पोराची वेळ चुकत नाही, कारण त्याचं सगळं आयुष्य त्या वेळेभोवती लावलेलं असतं. बँकेत नोकरी करणाऱ्याचं किंवा गुऱ्हाळाच्या हंगामात शेतावर थांबणाऱ्याचं तसं नसतं. त्याला नेम हवा, आणि नेम चुकला तर काय करायचं हेही आधीच ठरलेलं हवं. पहाटे रंकाळा, नाही जमलं तर संध्याकाळी सातला जिम, तेही नाही तर झोपण्याआधी घरात वीस जोर आणि चाळीस बैठका. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना व्यायामाचे फायदे समजावून सांगितले तेव्हा आठवड्यात एकदा तरी व्यायाम करणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्के राहिलं. त्याच माहितीच्या जोडीला कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे हे लिहून घेतलं, तेव्हा ते ९१ टक्क्यांवर गेलं.

अशा पर्यायी सोयीची कोल्हापूरला गरजही जास्त आहे. आषाढात धार लागली की पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी हा गावाचा रोजचा विषय होतो. ३९ फूट ही इशाऱ्याची, ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी त्याच्याही बरीच वर गेली, सखल पेठांत पाणी शिरलं, रस्ते बंद झाले. अशा आठवड्यांत धावणं सुचत नाही आणि सुचूही नये. उलटा अनुभव २०२० चा. मार्चमध्ये कोरोनामुळे राज्यभरातल्या जिम बंद झाल्या आणि त्या उघडायला दसरा, २५ ऑक्टोबर उजाडला. ज्यांचा व्यायाम फक्त यंत्रांवर अवलंबून होता त्यांचे सात महिने हातातून गेले. तालमींचे हौदही थंड पडले, गावोगावचे पैलवान घरी परतले आणि कित्येकांनी शेताच्या बांधावर, गोठ्याच्या अंगणात मेहनत चालू ठेवली. जोर-बैठकांना साडेतीन हात जागा पुरते.

स्त्रियांच्या बाबतीत निवड बऱ्याचदा आधीच झालेली असते आणि ती मोकळेपणाने झालेली नसते. पहाटे पाचला अंधारात एकटीने धावायला बाहेर पडणं अवघड, आणि सकाळचा डबा, मुलांची शाळा या सगळ्यातून उरणारा वेळ दुपारचा. त्या वेळी रस्ता तापलेला. म्हणून दुपारच्या महिला बॅचची जिम हा अनेकींचा एकमेव व्यवहार्य पर्याय ठरतो. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यासारख्या जागतिक दर्जाच्या नेमबाज देणाऱ्या या गावात बाईच्या धावण्यासाठी उजेड असलेला, वर्दळीचा, सलग रस्ता पहाटे पाच ते सात मिळाला, तर किती जणी जिम सोडून बाहेर येतील हे पाहण्यासारखं होईल. हा प्रश्न दिव्यांच्या खांबांचा आहे आणि महापालिकेने तो तसाच हाताळावा.

भरतीची पोरं मात्र कुठल्याच हंगामात थांबत नाहीत. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, सेकंदागणिक गुण बदलतात. समोर तारीख आहे, सोबत दहा जण आहेत, घरी वाट पाहणारे आईवडील आहेत. पाऊस हे कारण तिथे चालत नाही. तारीख गेली की यांतले पुष्कळ जण धावणं पूर्ण सोडतात, निवड झालेलेही. तारखेने दिलेला जोर तारखेबरोबर जातो. पेठांच्या फुटबॉलचं तसं होत नाही, आणि याचं कारण तालमीतच सापडतं. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावं मुळात तालीम मंडळांची आहेत. हंगाम संपतो, मंडळ संपत नाही. सामने नसतात तेव्हाही त्याच कट्ट्यावर तीच माणसं बसतात, आणि सरावाला न येणाऱ्याची चौकशी तिथेच होते.

आता अनेक तालमींत हौदाशेजारच्या खोलीत डंबेल्स, बेंच आणि केबलची यंत्रं आली आहेत. फी माफक असते, काही ठिकाणी नाममात्र. चाळिशीतला माणूस तिथे जायला संकोचतो, आपण पैलवान नाही म्हणून. पण शेजारच्या पेठेतली अशी खोली, चालत जाण्याइतकी जवळ आणि ओळखीच्या माणसांनी भरलेली, ही नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी चकचकीत हॉलपेक्षा पुष्कळदा जास्त उपयोगाची ठरते.

नवरात्रात किंवा दिवाळीनंतर पुन्हा सुरू करणाऱ्याने पहिले पंधरा दिवस वीस मिनिटांच्या वर जाऊ नये, मग तो रंकाळा असो की तालीम. बूट आणि कपडे रात्रीच दाराशी काढून ठेवावेत. एका माणसाला आपण येणार असल्याचं सांगून ठेवावं, आणि ते घरातलं नसलेलं बरं. जिमची फी महिन्याची भरावी, महाग पडली तरी. थंडीत आठवड्याचे तीन दिवस बाहेर आणि दोन दिवस आत, एप्रिल-मेमध्ये बाहेरचं सगळं सहाच्या आत, आणि मृगापासून गणपतीपर्यंत हेच प्रमाण उलटं करावं. वार्षिक फीचा विचार असं एक वर्ष पार पडल्यावर करता येईल.